खाणीतली ओ

१

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आमच्या यांनी माझ्या पहिल्या हाकेला ओ दिली असं कधी म्हणून झालं नव्हतं. मुळात कान जड, त्यात स्वभाव निवांत. सरकारी कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात उभी नोकरी काढली, त्यात कान गेले असं ते म्हणतात. तुझ्या बोलण्यानं गेले असं मुग्धा म्हणते. मुग्धा आमची लेक. बेंगळूरला, एचएसआर लेआउटमध्ये राहते, कुठल्याशा स्टार्टअपमध्ये आहे, आणि आईबापांना फोनवरून हाकणं हा तिचा जोडधंदा आहे.

यांचं नाव दामोदर. तुम्हाला सांगताना काही वाटत नाही, पण तोंडावर मी ते कधी घेतलं नव्हतं. आमच्या साताऱ्याला तशी पद्धतच नव्हती. मी ‘अहो’ म्हणायचं, त्यांनी ‘अगं’ म्हणायचं, एवढ्यावर संसार झाला. बाकी सगळे मला नयनाताई म्हणतात.

रिटायर झाल्यावर आम्ही देवनहळ्ळीच्या पुढे फ्लॅट घेतला. जाहिरातीत ‘लेक व्ह्यू’ लिहिलं होतं. लेक कसला, जुनी दगडाची खाण ती! बंद पडली, पाण्यानं भरली, बिल्डरनं भोवती कुंपण घालून बाकं टाकली आणि झाला लेक. पण दिसते छान हं. उभे कापलेले करडे कडे, त्यांवर सुरुंगाच्या भोकांचे अर्धे राहिलेले पन्हाळ, आणि तळाशी हिरवंगार पाणी. आमच्या बाल्कनीतून सगळं दिसतं. वरून विमानं जातात ती पाण्यातही जातात.

हे सकाळी खाणीभोवती फिरायला जायचे. चहा उकळला की मी बाल्कनीत यायची आणि हाक मारायची, “अहो, चहा!” माझा आवाज खणखणीत. वरच्या मजल्यावरची वेदिका म्हणते, नयनाताई, तुम्ही आल्यापासून मी अलार्म लावणं सोडलं. तरी यांना ऐकू जायला चार-चार हाका लागायच्या.

आणि एक दिवस, थंडीतली गोष्ट, खाणीत धुकं भरलेलं, समोरचं बाकसुद्धा दिसत नव्हतं. मी म्हटलं, “अहो!” आणि खालून लगेच आलं, “ओ!”

पहिल्या हाकेला! अगं बाई, मला इतका आनंद झाला की चहात आलं दुप्पट किसलं.

२

कप भरून मी दाराकडे बघतेय, तर हे आले ते जिन्यानं, हातात कढीपत्ता. फाटकाबाहेरच्या भाजीवाल्याकडे गेले होते.

“मग ओ कोणी दिली?” मी विचारलं.

“कोणाला?”

“मला!”

“मी नाही दिली.” हे म्हणाले, आणि बशीत चहा ओतला. “प्रतिध्वनी असेल. समोर सरळ कडा आहे.”

झालं. इंजिनिअर माणसाच्या हातात विषय दिला की तो कागद-पेन्सिल शोधतो. पेपरच्या कडेला यांनी खाण काढली, बाल्कनी काढली, बाण काढले. “हे बघ. तू म्हणतेस अहो. ‘अ’ विरून जातो, ‘ह’ हवेत जातो. उरतं काय? ओ. विज्ञान आहे.”

पटलं मला. खरंच पटलं. दिवसभर मी जी भेटेल तिला ते विज्ञान सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम ओरडले, “अहो, चहा निवतोय!” आता प्रतिध्वनी असेल तर ‘निवतोय’ यायला पाहिजे की नाही? आलं काय, तर “ओ.” आणि तेही लगेच नाही. हातातलं काम खाली ठेवून माणूस ओ देतो ना, तितका वेळ घेऊन.

मी “वेदिका!” म्हणून बघितलं. खाणीनं शहाण्यासारखं “दिका... का...” परत केलं, माझ्याच आवाजात. वरून वेदिका धावत बाल्कनीत आली, काय झालं म्हणून. तिला म्हटलं काही नाही, विज्ञान चाललंय. “मुग्धा!” म्हटलं, ती पण नीट परत आली. आणि “अहो” म्हटलं की ओ यायची, जाड आवाजात. पुरुषाच्या.

घाबरले का? तुम्हाला खरं सांगते, नाही घाबरले. उलट आवडायला लागलं. ज्या बाईनं सगळा संसार भिंतींशी बोलत केला, तिला कोणी पहिल्या हाकेला ओ देत असेल तर ते वाईट कसं वाटेल? दुपारी कपडे वाळत घालतानाही मी एखादी हाक टाकायची. हे आतल्या खोलीत घोरत असायचे. खालून ओ यायची, आणि मी खुशीत चिमटे लावायची.

३

रविवारी आमच्या क्लबहाउसमध्ये नाश्ता असतो. सोसायटीचे सेक्रेटरी सुधींद्रअण्णा तो हौसेनं करतात. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इकडचं, घरात मराठी, पण तिला कन्नडचा तडका. ही खाण त्यांच्या वडिलांकडे कंत्राटानं होती. त्यामुळे खाणीबद्दल बोलायला त्यांना फक्त निमित्त लागतं.

“अक्का, बेंगळूरात तुम्ही जितक्या पायऱ्या चढलात ना, त्यातल्या निम्म्या इथल्या दगडाच्या,” ते म्हणाले. “वरवंटे, उंबरे, रस्त्याच्या कडा, सगळं इथून. चटणी घ्या, स्वल्प.”

मी त्यांना हसत हसत ओची गोष्ट सांगितली. त्यांचा चमचा मध्येच थांबला, मग तेही हसले.

“अय्यो, तुम्ही नाव घेऊन हाक मारत नाही का?”

“नवऱ्याला? नावानं?”

“मग येणारच की ओ!” आणि त्यांनी इडली मोडत मोडत सांगितलं. सुरुंग उडवायच्या आधी मुकादम काठावर उभा राहून एकेकाचं नाव पुकारायचा. ज्याचं नाव, त्यानं वर येऊन ओ द्यायची. सगळ्यांची ओ आली की मग वात पेटवायची. एकदा नवा मुकादम आला, त्याला नावं ठाऊक नव्हती. त्यानं नुसतंच विचारलं, “अरे, खाली कोण राहिलंय का?” खालून आवाज आला, “ओ.”

“मग?” वेदिकानं विचारलं.

“मग काय, थांबले. कोणी वर येईना. बघितलं तर माणसं सगळी वर. परत विचारलं, परत ओ. शेवटी एक जण उतरला बघायला. थोड्या वेळानं वर आला, म्हणाला खाली कोणी नाही. सुरुंग उडवला, काम झालं.”

“म्हणजे काहीच झालं नाही,” हे म्हणाले. गोष्टीत स्फोट झाला तरी यांना पुरत नाही.

“तसं नाही झालं काही. माणूस चांगला हसत-खेळत राहिला, म्हातारा होऊन गेला. फक्त अप्पा सांगायचे, त्या दिवसानंतर त्याला नावानं हाक मारली तर तो बघायचा नाही. ‘अरे’ म्हटलं की लगेच ओ. तेव्हापासून खाणीवर बिननावाची हाक बंद.” मग त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक इडली टाकली. “नुसती गोष्ट हं, अक्का. निवतेय, खा.”

मी खाल्ली. पण त्या दिवसापासून दुपारच्या हाका बंद केल्या.

४

तेवढ्यात मुग्धानं यांना कानाचं मशीन घ्यायला लावलं. महिनाभर “मला सगळं ऐकू येतं” असा हट्ट चालला, आणि मशीन कानात बसल्यावर अर्ध्या तासात म्हणाले, “अगं, आपला फ्रिज इतका ओरडतो?” मिक्सर लावला तर दचकले. मी भांडी जरा हळू आपटावीत अशी विनंतीही झाली. आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.

दुसऱ्या दिवशी मशीन लावून हे फिरायला गेले. धुकं होतंच. चहा झाला, मी बाल्कनीत आले. सुधींद्रअण्णांची गोष्ट आठवली, पण सवय बघा कशी असते, तोंडातून गेलंच, “अहो!”

खालून ओ आली नाही. त्याऐवजी खालून आलं, “अहो!”

माझ्या आवाजात.

प्रतिध्वनी, मी मनाशी म्हटलं. आज नीट परत आला, बरं झालं. मग परत आलं, “अहो, इकडे या ना,” आणि हे तर मी म्हटलेलं नव्हतं.

धुकं जरा हललं. खाणीत उतरायला दगडात कोरलेल्या जुन्या पायऱ्या आहेत, कामगारांच्या. तिथलं फाटक बंद असतं, पण त्या दिवशी ते ढकललेलं दिसलं, आणि आमचे हे टोपी घालून पायऱ्या उतरत होते. तळाकडे बघत. चेहरा आनंदी. बायकोची हाक आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आलेल्या माणसाचा चेहरा.

“अहो!” मी ओरडले. हे भराभर उतरायला लागले. वरून अहो, खालून अहो, दोन्हीकडे मीच. आणि खालची जास्त गोड बोलत होती. ती म्हणत होती, चहा झालाय, या.

शेवटच्या पायरीला पाणी टेकलेलं मला दिसत होतं. आणि तेव्हा मी डोळे मिटले, कठडा घट्ट धरला, आणि सासूबाई, आई, सगळ्या स्वर्गस्थ बायकांची मनातल्या मनात माफी मागून ओरडले, “दामोदर!”

हे थांबले. मान वळवून वर बघितलं.

“दामोदर, वर ये!”

हो, ‘ये’ म्हटलं. तोंडाला येईल ते म्हटलं. हे आले वर. घरात आले तेव्हा टोपी दवानं ओली होती आणि कान लाल झाले होते.

“अख्ख्या लेआउटला ऐकू गेलं,” हे म्हणाले. “चारचौघांत नाव काय घेतेस!”

मी यांच्या छातीवर डोकं ठेवून रडले आणि मग खूप हसले.

५

मग काय, आमची चेष्टा सुरू झाली. वेदिका रोज वरून ओरडायची, “नयनाताई, आज नाव घेतलंत का?” सुधींद्रअण्णा म्हणाले, अक्का, लग्न परत लावू या का? मी आपली ठणकावून हाक मारायची, “दामोदर, चहा!” आणि काठावरून हे ओशाळं ओशाळं हात वर करायचे. पंधरवड्यात मला त्या नावाची गोडी लागली. इतकं चांगलं नाव, तिजोरीत ठेवल्यासारखं न वापरता ठेवलं होतं.

यांनी पायऱ्यांचं फाटक तारेनं बांधून घेतलं. खाली कोण बोलवत होतं यावर मात्र हे बोलायचे नाहीत. मशीन नवीन आहे, घुमतं, एवढंच म्हणायचे.

“आता तुम्हीपण मला नावानं हाक मारायची,” मी एकदा म्हटलं.

“मी? कशाला?”

“कशाला म्हणजे? तुम्हाला जसं बोलावलं तसं मला बोलावलं तर?”

हे पेपरमागे गेले. मी पेपर खाली ओढला. “म्हणा. नयना.”

“नय...” म्हणाले आणि ठसका लागला. खरंच लागला, पाणी द्यावं लागलं. इतका मोठा माणूस, कारखान्यात शंभर जणांवर ओरडायचा, आणि बायकोचं नाव घ्यायला लाजून चूर. “करतो सराव,” म्हणाले. “घाई कसली आहे?”

अंघोळीला गेले की आतून पुटपुट ऐकू यायची, “नयना... ए नयना... नयना, टॉवेल.” मी दाराला कान लावून हसायची. पण बाहेर आले की परत “अगं, माझा चष्मा कुठंय?”

६

त्या सकाळी हे कानाचं मशीन टेबलावर विसरून गेले होते. ते मी नंतर बघितलं, हे आधी सांगून ठेवते.

चहा झाला. मी बाल्कनीतून म्हटलं, “दामोदर!” उत्तर नाही. परत म्हटलं. काठावर कोणी नव्हतं. विमान गेलं, त्याचा आवाज विरला, आणि मग खालून आलं, “अगं...”

यांचा आवाज. कण्हल्यासारखा.

“अगं, पाय घसरला गं.”

तुम्ही म्हणाल, इतकं सगळं माहीत असून ही बाई गेली कशी? अहो, समजा तुमच्या माणसाचा पाय खरोखर मोडलेला असेल तर? मी विचार केला, फाटक तारेनं बांधलंय, हे कसे उतरतील? मग विचार केला, यांचा काय नेम, कुंपणावरून जातील. मी विचार करत होते तेव्हा माझ्या पायात चपला होत्या आणि मी जिना उतरून आवारात पोचलेही होते.

तार सुटलेली होती. पायऱ्या दवानं ओल्या. भिंतीला हात लावत लावत उतरले. खाली थंड होतं, आणि तिथे आपलाच श्वास कानाशी येतो. सुरुंगाची भोकं एकाखाली एक, आणि प्रत्येकात थोडं थोडं पाणी.

शेवटच्या पायरीवर हे बसले होते. पाठमोरे. टोपी, बदामी स्वेटर, कोपराला मी लावलेलं ठिगळ. पाय पाण्यात.

“अहो,” मी हळूच म्हटलं, “उठता येतंय का?”

“ओ,” हे म्हणाले.

लगेच. पहिल्या हाकेला. आणि मला कळलं.

पळायचं म्हटलं तर गुडघे आमचे असे. त्याच वेळी वरून, लांबून, काठावरून हाक आली. जिवाच्या आकांतानं. “अगं! अगं, कुठे आहेस तू? अगं!”

ते माझे हे होते. शपथ घेऊन सांगते, ते माझे होते, इतकं घाबरलेलं दुसरं कोण माझ्यासाठी होईल? पण खालचाही म्हणाला, “अगं,” अगदी तसंच, घाबरून, प्रेमानं. वर एक अगं, खाली एक अगं. मी मधल्या पायरीवर. नाव घ्या ना हो, मी मनात म्हणत होते, अंघोळीला घेता तसं घ्या, एकदा, नयना म्हणा, मी धावत येते.

“अगं!” वरून आलं.

पाठमोरा वळायला लागला. टोपीखालून गालाची कड दिसली, आणि ती खडकासारखी करडी होती, तिच्यावर उभे पन्हाळ होते.

“ओ,” मी म्हटलं.

कुणाला म्हटलं ते मला अजून सांगता येत नाही.

७

मी वर आले. यांनी काठावर मला असं कवटाळलं की बाकावरचे लोक दुसरीकडे बघायला लागले. घरी येऊन चहा परत गरम केला. काही म्हणून लागलं नव्हतं मला, फक्त पदर ओला होता. सुधींद्रअण्णांनी त्या पायऱ्यांसमोर विटांची भिंत बांधून घेतली. छान झालं, त्यावर आता वेदिका वेल चढवतेय.

बाकी आमचं मजेत आहे. बाल्कनीतून हाका मारायचं मी सोडलं, कारण हे आता फिरायला जातच नाहीत, माझ्याजवळ बसून असतात. तक्रार एकच, हल्ली माझेही कान जड झालेत म्हणतात. वेदिका म्हणे दारात उभी राहून नयनाताई, नयनाताई करत असते, मला पत्ता नाही. मुग्धा तर फोनवर रडायलाच लागली. म्हणाली, “आई, बाबा तुला किती वेळा नावानं हाक मारतात, तू वळूनसुद्धा बघत नाहीस.”

मी म्हटलं, मारतात? खरंच? कमाल झाली! इतका लाजरा माणूस. शेवटी जमलं म्हणायचं यांना.

मला खरंच ऐकू येत नाही हो. मी ओट्यापाशी आलं किसत असते. हे मागे येऊन उभे राहतात, बराच वेळ. ओठ हलतात यांचे, ते मला खिडकीच्या काचेत दिसतं. काहीतरी म्हणतात, परत म्हणतात, परत परत तेच म्हणतात. मग थकतात बिचारे, आणि हळूच म्हणतात, “अगं.”

“ओ!” मी म्हणते. पहिल्या हाकेला.

यांना आवडायला पाहिजे खरं तर. पण दर वेळी मी ओ दिली की यांच्या डोळ्यांत पाणी का येतं, ते मला काही केल्या समजत नाही.